आफ्रिका कप ऐन सीझनमध्येच का घेतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आफ्रिका कप, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, जवळ आली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारे बहुतेक वेळा इंग्लंडची प्रीमियर लीग मनापासून बघणारे असतात. "इजिप्तचा सालाह ऐन मोक्याला क्लब सोडून महिनाभर जाणार. हा आफ्रिका कप सीझनच्या मधेच कशाला? सगळ्या जगासारखा उन्हाळ्यात घ्यायला काय होतं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आवडता खेळाडू ऐन भरात असताना निघून जातो याची हळहळ असते. मला त्या प्रश्नातला 'उन्हाळा' हा शब्द तेवढा खटकतो.

जून-जुलै हा युरोपचा उन्हाळा. आफ्रिका विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे आणि तिथल्या फुटबॉल महासंघाचे, म्हणजे 'काफ'चे, ५४ देश सदस्य आहेत. जूनमध्ये कैरो भाजून निघत असतं, जोहान्सबर्गला कोरडी थंडी असते आणि आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला धो-धो पाऊस. पश्चिम आफ्रिकेलाही मान्सून आहे, आणि तोही आपल्यासारखाच नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. कोल्हापूरच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवरचे सामने पावसाच्या आत उरकतात ते उगाच नाही. जुलैत तिथे मोठी स्पर्धा ठेवा असं कुणी सुचवलं तर पेठेतली चार माणसं त्याला बाजूला बसवून समजावतील. आबिजान, दुआला, लागोस इथल्या लोकांनी मात्र ती ठेवावी, अशी आपली सहज अपेक्षा असते.

बरं, आफ्रिकेने तुमचा उन्हाळा वापरून बघितला नाही असंही नाही. २०१७ साली काफने ठरवलं की स्पर्धा १६ ऐवजी २४ संघांची करायची आणि जानेवारीतून काढून जून-जुलैत न्यायची. २०१९ ची स्पर्धा इजिप्तमध्ये तशी झालीही. उकाडा इतका होता की सामन्यात पाणी प्यायला वेगळी विश्रांती द्यावी लागली, पण स्पर्धा पार पडली. पुढची पाळी कॅमेरूनची होती. कॅमेरूनने सांगितलं की जून-जुलैत आमच्याकडे खेळता येणार नाही. स्पर्धा परत जानेवारीत आली.

कॅमेरूनचं म्हणणं किती खरं होतं ते लिंबे या एका गावावरून कळतं. कॅमेरून पर्वताच्या पायथ्याशी, समुद्राला लागून हे गाव आहे. जवळच डेबुंडशा नावाचं खेडं आहे, जिथे वर्षाला सुमारे दहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जगातल्या सर्वांत ओल्या जागांमध्ये त्याची गणना होते. या लिंबेच्या स्टेडियमवर १२ जानेवारी २०२२ रोजी दुपारी माली आणि ट्युनिशिया यांचा सामना झाला. तुम्ही त्याच्या क्लिप बघितल्या असतील. झांबियाचे पंच जॅनी सिकाझ्वे यांनी ८५ व्या मिनिटाला शेवटची शिट्टी वाजवली. चूक लक्षात आल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि मग नव्वद मिनिटं भरायला काही सेकंद असताना पुन्हा संपवला. माली १-० ने पुढे होतं. ट्युनिशियाचे प्रशिक्षक घड्याळ दाखवत मैदानात धावले. थोड्या वेळाने राहिलेला वेळ खेळायला संघांना परत बोलावलं, तेव्हा मालीचे खेळाडू आले, ट्युनिशियाचे आलेच नाहीत.

जगभर त्या पंचांची चेष्टा झाली. त्यांना उष्माघात झाला होता आणि नंतर रुग्णालयात न्यावं लागलं, ही बातमी त्या चेष्टेच्या मानाने कितीतरी कमी लोकांपर्यंत पोहोचली. अशा हवेत भर दुपारी सामना ठेवण्याचं समर्थन मी करणार नाही. पण जानेवारी हा तिथला कोरडा महिना आहे, म्हणजे खेळायला त्यातल्या त्यात बरा. जुलैत त्याच जागी चेंडू तरंगला असता.

आबिजानजवळच्या एबिंपे इथल्या स्टेडियमची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०२३ ची स्पर्धा आयव्हरी कोस्टमध्ये व्हायची होती. ती आधी जून-जुलैत ठरली होती, मग पावसामुळे जानेवारी २०२४ वर गेली, आणि तेव्हाही युरोपातून कुरकुर झालीच. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच स्टेडियमवर आयव्हरी कोस्ट आणि माली यांचा मैत्रीपूर्ण सामना चालू असताना पाऊस आला. मैदानावर इतकं पाणी साचलं की मध्यंतरानंतर सामना पुढे खेळवताच आला नाही. आणि ११ फेब्रुवारी २०२४ ला, त्याच मैदानावर, अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना ८१ व्या मिनिटाला सिमोन आदिंग्राच्या क्रॉसवर सेबास्तियां हालेरने पाय पुढे घातला आणि यजमान जिंकले. गटसाखळीत इक्वेटोरियल गिनीकडून घरच्या मैदानावर ०-४ असा मार खाल्लेला, स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक बदललेला संघ. आणि हालेर कर्करोगाच्या उपचारांतून बरा होऊन परतलेला. त्या गोलसाठी मैदान कोरडं असणं गरजेचं होतं, एवढं मी नक्की म्हणेन.

म्हणजे हवामान हे एक कारण. पण तेवढंच सांगून थांबलो तर उत्तर अर्धवट राहील. मुळात 'सीझनच्या मधे' म्हणताना सीझन कुणाचा, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पहिला आफ्रिका कप फेब्रुवारी १९५७ मध्ये सुदानची राजधानी खार्तूमला झाला. इजिप्त, सुदान आणि इथिओपिया असे तीनच संघ. दक्षिण आफ्रिकेला मिश्र वर्णाचा संघ पाठवायचा नव्हता, म्हणून तो देश बाहेर. काफची स्थापनाही त्याच वेळची, तिथलीच. युरोपची युरो स्पर्धा त्यानंतर तीन वर्षांनी, १९६० मध्ये सुरू झाली. १९७० आणि ८० च्या दशकांत आफ्रिका कप बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असे आणि कुणाची काही तक्रार नव्हती, कारण बहुतेक खेळाडू आपापल्या देशातल्या क्लबांत खेळत होते. तक्रार सुरू झाली ती युरोपच्या क्लबांनी आफ्रिकेतले खेळाडू मोठ्या संख्येने नेल्यावर. स्पर्धा होती तिथेच होती. तिच्या अंगणात नंतर आले ते क्लब. आणि करार करताना खेळाडूला देशाकडून बोलावणं येणार, हे प्रत्येक क्लबला ठाऊक असतं. खेळाडू सोडणं फिफाच्या नियमानुसार बंधनकारकच आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये इटलीतल्या नापोली क्लबचे अध्यक्ष ऑरेलियो दे लॉरेंटिस जाहीरपणे म्हणाले की आफ्रिका कप खेळणार नाही असं लिहून दिल्याशिवाय यापुढे आफ्रिकन खेळाडू घ्यायचे नाहीत. त्याच सीझनमध्ये नापोली ३३ वर्षांनी इटलीची लीग जिंकलं. सर्वांत जास्त गोल कुणाचे? नायजेरियाच्या व्हिक्टर ओसिमेनचे, २६. हा योगायोग मी प्रत्येक विचारणाऱ्याला सांगतो. खेळाडू हवा, त्याचे गोल हवेत, त्याचा देश मात्र नको, हे म्हणणं माझ्या गळी उतरत नाही. हालेर आयाक्स या डच क्लबमध्ये होता तेव्हा एका डच पत्रकाराने त्याला विचारलं होतं की आफ्रिका कपला जाण्याऐवजी क्लबकडेच थांबणार का. त्याने सरळ सांगितलं की हा प्रश्न आफ्रिकेचा अपमान करणारा आहे, युरोला निघालेल्या युरोपीय खेळाडूला असं कुणी विचारलं असतं का?

वेळापत्रक हलवता येतच नाही, हेही खरं नाही. कतारला जून-जुलैत उकाडा असतो म्हणून २०२२ चा वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाला. प्रीमियर लीग सहा आठवडे बंद राहिली. जगबुडी झाली नाही. हवामानाची अडचण कतारची असली की सगळं जग सरकून जागा करतं. तीच अडचण कॅमेरूनची असली की नियोजनाचा अभाव म्हणतात. मला यात चीड येते आणि ती मी लपवत नाही.

२०२५ च्या स्पर्धेची तर दोन्हीकडून कोंडी झाली. यजमान मोरोक्को. तिथे जून-जुलैत खेळता आलं असतं आणि ठरलंही तसंच होतं. पण त्या महिन्यांत फिफाने आपला नवा ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप अमेरिकेत आणून बसवला. जानेवारीत जावं, तर युरोपच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या नव्या स्वरूपात आता तिथेही सामने आहेत. उरली फट नाताळची. म्हणून २१ डिसेंबर ते १८ जानेवारी. त्यातही १५ डिसेंबरपर्यंत, म्हणजे सुरुवातीला सहाच दिवस उरेपर्यंत, खेळाडू अडवून ठेवायची मुभा फिफाने ऐन वेळी क्लबांना दिली. प्रशिक्षकांची सरावाची आखणी कोलमडली, ठरलेले सराव सामने अडचणीत आले. 

काफचं सगळंच बरोबर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ चं यजमानपद कॅमेरूनकडून काढून इजिप्तला दिलं ते स्पर्धेला सहा महिने राहिले असताना. २०२५ चं गिनीकडून काढून घेतलं. तारखा इतक्या वेळा बदलल्या की टीका करणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. अनेक देशांची स्टेडियम तपासणीत नापास होतात आणि त्यांचे 'घरचे' सामने शेजारच्या देशात होतात. बुर्किना फासोच्या प्रेक्षकांना आपला संघ आपल्या गावात खेळताना बघायला कित्येक वर्षं वाट बघावी लागली. या गोष्टींचा जाब काफलाच विचारायला हवा.

आणि आता सर्वांत मोठी गोष्ट, जी तुमच्या प्रश्नाच्या पोटात दडलेली आहे. २० डिसेंबर २०२५ ला, स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, काफचे अध्यक्ष पॅट्रिस मोत्सेपे यांनी रबातमध्ये जाहीर केलं की २०२८ नंतर आफ्रिका कप दर चार वर्षांनीच होईल. मधल्या काळात दरवर्षी आफ्रिकन नेशन्स लीग. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो यांनी ही चार वर्षांची सूचना २०२० मध्येच मांडली होती. बाजू मांडणारे म्हणतात, युरोही चार वर्षांनीच होते, नेशन्स लीगमधून पैसा येईल, क्लबांशी भांडण मिटेल. पैशाचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. तरीही हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि त्याचं कारण झांबिया.

झांबिया आजवर एकदाही वर्ल्ड कपला पोहोचलेला नाही. एप्रिल १९९३ मध्ये त्यांच्या संघाचं विमान गॅबनमध्ये लिब्रव्हिलजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले सगळे गेले. कर्णधार कालुशा ब्वाल्या हॉलंडहून वेगळा येणार होता म्हणून वाचला. २०१२ च्या आफ्रिका कपचा अंतिम सामना त्याच लिब्रव्हिलमध्ये होता. सामन्याआधी झांबियाच्या खेळाडूंनी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन फुलं वाहिली, आणि मग द्रोग्बाच्या आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर ८-७ ने हरवून कप नेला. ब्वाल्या तेव्हा झांबियाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष म्हणून तिथे हजर होता. फ्रान्स किंवा जर्मनीच्या खेळाडूला वर्ल्ड कप असतो, युरो असते. झांबियाच्या, मॉरिटानियाच्या, कोमोरोसच्या खेळाडूला हीच एक स्पर्धा असते. दहा वर्षांच्या कारकिर्दीत ती पाच वेळा यायची, आता दोन वेळा, फार तर तीन वेळा येईल. मॉरिटानियाने जानेवारी २०२४ मध्ये अल्जेरियाला १-० ने हरवून या स्पर्धेतला पहिला विजय मिळवला तो सलग तिसऱ्या खेपेला. चार-चार वर्षांचं अंतर असतं तर त्यातले कितीजण तिसऱ्या खेपेपर्यंत खेळत राहिले असते?

नेशन्स लीगने ही जागा भरून येणार नाही. महिनाभर एका देशात चोवीस संघ, त्यांचे ढोल, त्यांचे प्रेक्षक, आणि त्या निमित्ताने बांधली जाणारी मैदानं नि रस्ते, हे दोन-दोन सामन्यांच्या तुकड्यांतून घडत नाही. निर्णय अजून फिरवता येईल. २०१३ साली वर्ल्ड कपशी टक्कर नको म्हणून सम वर्षं सोडून विषम वर्षं धरली, २०१७ मध्ये महिना बदलला, मग तो परत फिरवला. काफला कागद बदलायची सवय आहे. इच्छा हवी.

२०२७ ची स्पर्धा केनिया, टांझानिया आणि युगांडा मिळून भरवणार आहेत. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, त्यामुळे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे साडेनऊला, जेवणं उरकल्यावर. सालाहचे सामने तर बघाच, पण गटसाखळीत जो संघ पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदाच आला असेल, त्याचा निदान एक सामना पूर्ण नव्वद मिनिटं बघा.