जिवंत माणसांची नावं दगडावर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या कॉलनीच्या बागेत आम्ही आसपासच्या फौजेत राहून आलेल्यांची नावं दगडावर कोरली आहेत. बाग बघायला आलेले बहुतेक लोक हेच विचारतात, आणि तेही फाटकातून निघता निघता. त्यामुळे नीट उत्तर द्यायचं राहूनच जातं. "ताई, स्मारक गेलेल्या माणसाचं असतं. तुमच्या दगडावरची निम्मी मंडळी तर सकाळी इथे फिरायला येतात. त्यांची नावं कशाला कोरलीत?"

आमची कॉलनी इंदूरच्या महूकडच्या टोकाला. महूची छावणी 1818 पासूनची, म्हणजे होळकरांचा इंग्रजांशी तह झाला त्याच वर्षीची. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली त्या छावणीत झाला, कारण त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि नेमणूक महूला होती. आजही इन्फंट्री स्कूल तिथे आहे, सिग्नलवाल्यांचं, म्हणजे फौजेच्या दळणवळण विभागाचं, कॉलेज तिथे आहे. ट्रेनिंगसाठी कधीतरी महूला आलेला माणूस माळव्याची हवा विसरत नाही. पेन्शनीत निघाला की इकडेच एखादा प्लॉट बघतो. अशी कितीतरी घरं आमच्या आसपास आहेत आणि त्यांतली बरीच मराठी आहेत. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही आम्हाला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

मी बँकेत होते. आमच्या शाखेत दाराशी दुनळी बंदूक घेऊन एक काका बसायचे. अकरा वर्षं मी त्यांना रोज "नमस्कार काका" म्हणत आत गेले. दिवाळीला फराळाचा डबा दिला, त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले. माझ्या लेखी ते बँकेचे गार्ड होते, बस. निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या घरी गेले होते. टीव्हीवर 16 डिसेंबरची, म्हणजे बांगलादेश युद्धाच्या विजय दिवसाची, बातमी चालू होती. काकू चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, "हे होते ना तिकडे." काका जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. 1971 च्या डिसेंबरात जमालपूरला होते, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात.

जमालपूरची हकीकत युद्धाच्या इतिहासात आहे. आपल्या ब्रिगेडियरनं शत्रूच्या कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग 10 डिसेंबरच्या रात्री ती शिबंदी शहरातून निसटायला बघत होती आणि वाटेत मराठे आडवे बसले होते. सकाळी जमालपूर पडलं. पुढे हीच पलटण टांगाईलकडे गेली आणि विमानातून छत्रीनं उतरलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीच्या जवानांना जाऊन मिळाली. मी विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "चिठ्ठीबिठ्ठीचं आम्हाला मागाहून कळलं. आम्ही खड्डे खणत होतो. तिकडची जमीन मऊ, दोन हात खणलं की पाणी लागायचं. रात्रभर पाय पाण्यात." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत."

मला ते फार लागलं. खरं सांगते, बाग तिथून सुरू झाली.

मग काकांनी आतून एक काळी ट्रंक ओढून आणली. फौजी माणसाच्या घरी ही ट्रंक असतेच. पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत डिस्चार्ज बुक म्हणजे नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम, आणि एका हातरुमालात गुंडाळलेलं 1971 च्या युद्धाचं संग्राम मेडल. ते मी हातात घेऊन खिडकीपाशी नेलं. पदकाची कड नखानं चाचपली तर काहीतरी खरखरलं. चष्मा लावून पाहिलं, कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर होता, नाव होतं. तेव्हाच माझ्या मनात आलं की सरकारनं या माणसाचं नाव तो जिवंत असतानाच धातूवर कोरून दिलंय. ते हातरुमालात बांधून ट्रंकेच्या तळाशी गेलं, कारण बाहेर कोणी ते वाचायला मागितलंच नाही.

अपशकुनाची शंकाही निघाली. कॉलनीतल्या एका आजींनी मला थेट बजावलं, "जित्या माणसाचं नाव दगडावर लिहू नये ग." मी त्यांना म्हटलं, आजी, ओंकारेश्वरला गेलात तर पायऱ्यांवर, फरशीवर, बाकांवर बघा, अमक्याकडून, तमक्याच्या स्मरणार्थ, सगळी नावंच नावं. पायरी बसवणारा माणूस स्वतः दर्शनाला येऊन आपलं नाव ओलांडून जातो. त्यानं त्याचं आयुष्य कमी होत नाही. आजी विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती पाचशे रुपये वर्गणी पाठवली.

आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, तिचा अर्थ आत्ता लागला. माझं आजोळ साताऱ्याकडचं. तिकडच्या आणि कोकणातल्या कित्येक गावांत इंग्रजांनी लावलेली दगडी पाटी असते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके कामी आले. बघा, आधी गेलेल्यांचा आकडा, मग पडलेल्यांचा. परक्या सरकारनंसुद्धा गेलेल्या प्रत्येकाला मोजलं होतं. नावं मात्र लिहिली नाहीत, नुसते आकडे. आम्हाला नावं लिहायची होती.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक मी पाहिलंय. 25 फेब्रुवारी 2019 ला ते देशाला मिळालं. त्याच्या त्यागचक्रात पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. तिथे उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही. ते स्मारक पडलेल्यांचंच असायला हवं, तसंच ते आहे. पण कॉलनीची बाग ही रोज जायची जागा. तिथे लहान मुलं घसरगुंडी खेळतात. मला वाटतं, तिथे परत आलेल्यांचीही आठवण हवी. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशीत घरी आलेला शिपाई. मग कुठे गार्ड, कुठे चौकीदार, कुठे टेलिफोन खात्यात. मेल्यावर त्याच्या निधनाच्या बातमीत दुसऱ्या नोकरीचंच नाव छापून येतं. माझ्या वडिलांच्या बाबतीत असंच झालं. ते सिग्नलमध्ये होते. पेपरात आलं, "टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त". मजकूर मीच लिहून दिला होता.

बांधकामाचं फार सांगत नाही, पण काळ्या मातीचं सांगायलाच हवं. माळव्याची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्ही घाईनं, वरवरच्या पायावर नावांची भिंत उभी केली. पहिल्याच पावसाळ्यात ती एका बाजूला कलली. एक जुने सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर विभागातले, आजोबा काठी टेकत आले, वाकून बघितलं, म्हणाले, "मुरूम लागेपर्यंत खणा, मग बोला." उन्हाळ्यात त्यांनी खुर्ची टाकून स्वतः समोर बसून काम करून घेतलं. मुरूम लागला, पाया भरला, भिंत आता जागची हलत नाही. रणगाडा ठेवा, तोफ ठेवा असंही पुष्कळांनी सुचवलं. आम्ही कडुनिंब, बहावा आणि कदंब लावले.

नावं कशी लावायची यावर मात्र तीन बैठका झाल्या. हुद्द्यानं लावा असं काहींचं म्हणणं. शेवटी भरतीच्या वर्षानं लावायची ठरली, त्यामुळे एका कर्नलसाहेबांचं नाव एका नाईकाच्या खाली आलं. साहेबांनी स्वतः ते कबूल केलं, "तो माझ्या आधी भरती झालाय, वरच असायला हवा." मागे श्री नाही, कैलासवासी नाही. नाव, पलटण, भरतीचं साल, निवृत्तीचं साल. मिलिटरी नर्सिंगमधल्या एक सिस्टर आहेत, त्याही याच रांगेत.

या यादीत एकाच माणसाच्या नावापुढे निवृत्तीचं साल नाही. 1987 मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेला तो परतला नाही. त्या मोहिमेत आपले सुमारे 1,200 जवान कामी आले. त्याच्यासाठी आम्ही वर वेगळा दगड, समई, सगळं योजलं होतं. त्याच्या पत्नीला दाखवायला गेलो. त्या म्हणाल्या, "त्यांना एकटं काढू नका. बरोबरच्यांत राहू द्या." म्हणून ते त्यांच्या भरतीच्या सालात, दोघांच्या मधे आहेत. वर साल आहे, खाली साल आहे, त्यांच्या ओळीत कोरी जागा. लहान मुलं तिथे बोट ठेवून विचारतात, इथे लिहायचं राहिलं का? वेगळ्या दगडावर त्या जागेकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. आजूबाजूला सगळी सालं भरलेली आहेत म्हणून ती दिसते.

तर हे माझं उत्तर. आता एक कामाची गोष्ट. दुसरा दगड या पावसाळ्यानंतर लागणार आहे. तुमच्या घरी, वाड्यात, ओळखीत कोणी फौजेत राहून आलेलं असेल, तर डिस्चार्ज बुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणून द्या. पुस्तक हरवलं असेल तर मेडलची कड वाचून नंबर लिहून आणा. पैसे नकोत, फौजींकडून आम्ही वर्गणी घेत नाही. आणि आडनावात ळ असेल तर कागदावर मोठा काढून द्या. आमचा कोरणारा कारागीर फार गुणी, पण हिंदीवाला. पहिल्या दगडावर त्यानं एका ईएमईवाल्या, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागातल्या, आजोबांच्या ळ चा ल केला. मी म्हटलं, राहू दे, कागदोपत्री तसंच आहे. आजोबा म्हणाले, "फौजेत सतरा वर्षं मी ल होतो. इथे तरी माझं नाव नीट लिहा." ती फरशी आम्ही काढली आणि नवी बसवली.