पुडीतली दालचिनी नेमकी कोणती?

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला मी दालचिनी घेतली, कारण साखर आटोक्यात राहावी म्हणून रोज सकाळी तिची पूड घेणारे माझ्या नात्यातच बरेच जण आहेत. दालचिनी म्हणून जे विकलं जातं ते एकाच झाडाचं नसतं. सिनॅमोमम व्हेरम ही श्रीलंकेतली, आपल्या कोकणातही लागवड होणारी. सिनॅमोमम कॅसिया चीनकडची, आणि इंडोनेशियाची बर्मानी आणखी वेगळी. अख्खी साल हातात असली तर प्रश्न नाही. व्हेरमची पातळ, ठिसूळ, एकात एक गुंडाळलेली. कॅसियाची जाड, टणक. पण दळल्यावर काय? वासही कामाचा नाही, तो वास देणारं सिनॅमाल्डिहाइड सगळ्यांतच असतं.

खरा फरक कुमारिन या सालीतल्या नैसर्गिक रसायनाचा. कॅसियात ते किलोमागे काही ग्रॅम निघू शकतं, व्हेरममध्ये नाममात्र. काही लोकांच्या यकृताला ते बाधतं, म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने वजनाच्या किलोमागे रोज 0.1 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. किलोला 3 ग्रॅम कुमारिन असलेली पूड 2 ग्रॅम घेतली की तेवढं झालंच, आणि 2 ग्रॅम म्हणजे पोह्यांचा चमचाही भरत नाही.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी खात्रीचं झाड, मग बाजार." त्यामुळे दापोलीकडून पानाफुलांसकट फांदी आणून हर्बेरियम (ओळखीसाठी दाबून सुकवलेला नमुना) करून जात पक्की करून घेतली, त्याच झाडाची साल तुलनेला ठेवली. त्यात बराच वेळ गेला, पण माझ्या मते सगळ्या कामाचा भरवसा याच एका नमुन्यावर होता.

मग टीएलसी, म्हणजे अर्कातले घटक प्लेटवर वेगवेगळे करून बघण्याची पद्धत. मिथेनॉलमधला अर्क, सिलिका जेलची प्लेट, टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट 93:7. शेजारी शुद्ध कुमारिनचा स्पॉट. चेंबर नीट सॅच्युरेट होऊ द्यावा लागतो, नाहीतर पट्टे कडेला वाकडे चढतात. 254 नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) प्रकाशाखाली सिनॅमाल्डिहाइडचा काळा पट्टा प्रत्येक नमुन्यात दिसला. प्लेट सुकवून अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा फवारा मारला आणि 365 नॅनोमीटरखाली धरली. लगेच फारसं काही दिसत नाही. अल्कलीने कुमारिनचं वलय उघडतं आणि यूव्हीत त्याचा आकार पालटतो, तसतशी पिवळट हिरवी चमक वाढत जाते. बाजारातून सुट्या आणलेल्या पुडीच्या रांगेत ती शुद्ध कुमारिनच्या अगदी समोर उजळली. कोकणातल्या सालीची रांग त्या जागी काळीच राहिली. ते बघून मला फार आनंद झाला. कागदावर वाचलेलं डोळ्यांसमोर घडत होतं.

प्लेटवर कुमारिन आहे की नाही एवढंच कळतं. किती आहे त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे घटकाचं प्रमाण मोजणारी यंत्रावरची चाचणी, करावी लागली. आणि कॅसिया की बर्मानी, हे कुमारिनवरून सुटत नाही, दोन्हींत ते असतं. त्यासाठी डीएनए बारकोडिंगचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याचं, काम आता हाती घेतलं आहे. तोवर नात्यातल्या सगळ्यांना एकच सांगते: पूड आणू नका, पातळ पापुद्र्यांची अख्खी साल बघून घ्या आणि घरीच दळा.