हप्ता बाईचा कमी, पुरुषाचा जास्त

आज दादा-वहिनीसाठी टर्म इन्शुरन्सचे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याचे, आकडे काढले. दोघं एकाच वयाचे, दोघंही निर्व्यसनी, रक्कम आणि मुदत तीच. वहिनीचा हप्ता कमी आला. बायका सरासरी जास्त जगतात, म्हणून.

दादा चिडून म्हणाला, "मग यात माझा काय गुन्हा?" मला त्याचं पटलं. सिगारेट ओढणाऱ्याला जास्त हप्ता लावा, ती सोडता येते. वय तर प्रत्येकाचंच वाढतं. पण पुरुष म्हणून जन्माला आल्याचे पैसे का मोजायचे? बेल्जियमची एक ग्राहक संघटना याच मुद्द्यावर लढली. मार्च २०११ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाचा निकाल आला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून संघातल्या देशांच्या नव्या पॉलिसींमध्ये हा दरभेद बंद झाला. गाडीच्या विम्यात तरुण मुलींना स्वस्त दर मिळायचा, तोही गेला. तरी मला तो निकाल योग्यच वाटतो.

खरं टोचलं ते पुढे. वहिनी घर सांभाळते, म्हणून कंपनीने आधी दादाचं उत्पन्न विचारलं, मग त्याच्या नावावर किती विमा आहे ते. म्हणजे दर तिला स्वस्त, पण पॉलिसी मिळणार की नाही हे नवऱ्यावर! स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईचं औषधपाणी ती एकटी बघते. या कामाला काहीच किंमत नाही?

नवऱ्याचा विमा नसताना कुणा गृहिणीला स्वतंत्र टर्म पॉलिसी मिळाली असेल, तर कोणती कागदपत्रं लागली ते कृपया कमेंटमध्ये लिहा.