आमची वाटचाल : ट्रॉफ्यांपासून टॅरांटुलाच्या पेटीपर्यंत

आमचं मूळ काम अ‍ॅक्रेलिकचं. बाबांनी भोसरीत छोटं वर्कशॉप टाकलं तेव्हा नेमप्लेट, ट्रॉफ्या, दुकानांचे डिस्प्ले स्टँड एवढंच चालायचं, नंतर मी आणि धाकटा भाऊ आलो, लेझर कटिंग मशीन घेतलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, कार्यक्रम बंद म्हणजे ट्रॉफ्याही बंद, मेडिकलवाल्यांना काउंटरची पार्टिशनं बनवून देत होतो आणि त्यातच एका कॉलेजच्या पोराचा फोन आला, दादा टॅरांटुलासाठी, म्हणजे पाळायच्या मोठ्या केसाळ कोळ्यासाठी, पेटी बनवून द्याल का? वहीच्या पानावर ड्रॉइंग काढून पाठवलं होतं त्याने, भोकं कुठे, झाकण कसं, सगळं. ती पेटी त्याच्या मित्रांनी बघितली, त्यांच्या मित्रांनी बघितली, आणि आज आमचं निम्म्याहून जास्त काम कोळ्यांच्या पेट्यांचंच आहे.

पहिल्यांदा कोळी पाळणाऱ्याला बहुतेक वेळा मोठी, उंच, लाइटवाली टाकी हवी असते. आम्ही ती बनवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. जमिनीवर राहणारा टॅरांटुला जाळीला, भिंतीला धरून वर चढतो आणि पडला की त्याचं पोट फुटू शकतं, पोटाची कातडी फार नाजूक असते. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आतच ठेवायचं. वरती लोखंडी जाळी अजिबात नको, पायाची नखं अडकतात आणि तो तसाच लटकून राहतो, सोडवून घेताना पाय तुटतो. आम्ही जाळीऐवजी समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक भोकं पाडतो, म्हणजे हवा आरपार खेळती राहते आणि बुरशी धरत नाही. पिल्लाच्या पेटीची भोकं तर आणखी बारीक, कारण ते एवढ्याशा फटीतून पण निघून जातं. लाइट कशाला हवा? तो रात्रीचा प्राणी आहे, उजेड दिसला की लपून बसतो.

सांधे आम्ही क्लोरोफॉर्मने मारतो, अ‍ॅक्रेलिकच्या धंद्यात सगळे तेच वापरतात, पण ट्रॉफी आज जोडली की आज देता येते, कोळ्याची पेटी तशी देता येत नाही, वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेवावीच लागते. लोक घाई करतात. आम्ही नाही करत.

आत काय घालायचं हे पण आता आम्हीच सांगतो. कोकोपीट, खत न मिसळलेलं, धुऊन घेतलेलं, चार-पाच इंच थर, दाबून बसवलेला. लपायला नारळाची अर्धी करवंटी, कड थोडी तोडून दार केलेलं, त्याच्यापुढे महागडी विदेशी सालं काहीच नाहीत. पाण्याची उथळ वाटी. बस. खाणं म्हणजे मोठ्याला आठ-दहा दिवसांतून एखादा क्रिकेट म्हणजे रातकिडा किंवा मीलवर्म नावाची अळी, घरातलं झुरळ पकडून घालू नका कारण त्याने कुठलं विष खाल्लंय कोण सांगणार. आणि हो, त्या खोलीत मच्छर मारायचं लिक्विड, कॉइल, स्प्रे काहीही नको, पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर पेटी आधीच दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. जे डासाला मारतं ते कोळ्यालाही मारतं. मे महिन्यात पेटी खिडकीपासून लांब.

आमचं व्हॉट्सअ‍ॅप माझी बायको बघते आणि तिला रात्री-अपरात्री सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, ताई, उलटा पडलाय, मेला वाटतं. नाही मेलेला! टॅरांटुला कात टाकताना पाठीवर पडतो, मरतो तेव्हा सहसा पाय पोटाखाली मुडपून बसतो. कात टाकायच्या आधी तो कित्येक आठवडे खात नाही, रंग मळकट होतो, पोट काळपट चकचकीत दिसायला लागतं. त्या वेळी हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, आत जिवंत किडा असेल तर काढून घ्यायचा, कारण अंग मऊ असताना साधा क्रिकेट पण त्याला चावून मारू शकतो. नंतर दात पांढरे असतात, ते पूर्ण काळे झाले की मगच खायला द्या. हे सगळं छापलेला कागद आम्ही आता प्रत्येक पेटीत टाकतो.

कोळी आम्ही विकत नाही, विकणार पण नाही. मेक्सिकन रेड नी काय, कर्ली हेअर काय, नवख्यांना सांगितल्या जाणाऱ्या या दोन्ही जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहेत आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाल्यापासून असा प्राणी घरी असेल तर त्याची नोंदणी लागते, कागद नसेल तर घेऊच नका. कोकणातून कधी कधी फोन येतो, दादा झाडाच्या ढोलीत मोठा सापडलाय, पेटी पाठवा. त्याला आम्ही पेटी देत नाही. आपल्या सह्याद्रीतले पोसिलोथेरिया टॅरांटुला झाडावर राहणारे, विजेसारखे पळणारे, चावले तर दिवसेंदिवस स्नायू आखडतात, आणि २०१९ पासून ती अख्खी प्रजाती साइट्सच्या यादीत आहे. ढोलीतला कोळी ढोलीतच राहू द्या हो, खरंच.

मादी असेल तर रेड नी वीस-पंचवीस वर्षं जगते. म्हणून पेटी अशी बनवतो की बिजागरी, कडी, झाकण वेगळं बदलता येईल, जुन्या गिऱ्हाइकाला फक्त झाकण हवं असेल तरी आम्ही पाठवतो.

ऑर्डर देताना कोळ्याची जात, मोजपट्टी शेजारी ठेवून पेटीबाहेरून काढलेला एक फोटो आणि पेटी घरात कुठे ठेवणार ते कळवा, हातात घेऊन फोटो काढू नका, त्याचे केस डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. गुरुवारी वर्कशॉप बंद असतं.