तापीकाठचा गळ आणि भाट्याची खाडी

आमच्याकडे खानदेशात मासे धरायचं म्हणजे तापी. मुडावदजवळ पांझरा तापीला मिळते त्या बाजूला आमच्या जिभाऊंचं शेत आहे, जिभाऊ म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आणि मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे मागे गळ घेऊन काठावर बसलेलो आहे. गांडूळ लाव, कणकेचा गोळा लाव, टाक आणि गप बस. मरळ, वाम, रोहू, कधी नुसत्या चिलापी. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या गावांजवळचे बॅरेज, म्हणजे दरवाजे असलेले बंधारे, झाल्यापासून पावसाळा संपून दरवाजे बंद झाले की पाणी उभं राहतं आणि उभ्या पाण्यात मासा कधी लागेल हे त्याच्या मनावर. आपण फक्त बसायचं. ही माझी चाळीस वर्षांची सवय, आणि ती सोडायला मला या ऑक्टोबरात कोकणात जावं लागलं.

गेली दोन-तीन वर्षं रॉड-रील घेऊन समुद्रातले मासे धरणाऱ्या पोरांचे व्हिडिओ भाचा मला दाखवत होता. शेवटी ठरवलं, कोजागरी झाली की निघायचं. पावसाळ्यात जाण्यात अर्थ नसतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीच असते आणि त्यानंतरही दोन महिने समुद्र खवळलेला आणि खाड्या लाल गढूळ. ऑक्टोबरात पाऊस मागे फिरतो, वरून येणारं गोडं पाणी कमी होतं, मग खारं पाणी खाडीत आत आत चढायला लागतं, गाळ बसतो, पाणी निवळतं. पावसाळ्यात वाढलेली बोयटांची पिल्लं, कोळंबी, तारली सगळं खाडीच्या तोंडाशी गोळा झालेलं असतं आणि त्यांच्या मागे मोठे मासे. वरून ऊन मरणाचं, पण पाण्याखाली सगळ्यात जास्त खाणं याच दिवसांत चालतं.

अमळनेरहून जळगाव आणि जळगावहून मंगला एक्सप्रेस, थेट रत्नागिरी, गाडी बदलायची नाही. बहिणीने कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली की समोरच्या सीटवरच्या कुटुंबालाही पुरली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अजून चालू होतं म्हणून गाडी पनवेलनंतर आरामात. आपल्याकडे या दिवसांत कापूस फुटलेला, ज्वारी-मका काढणीला आलेला, जमीन वाळायला लागलेली, आणि इथे खिडकीबाहेर अजून सगळं ओलं हिरवं. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. भाचा मोबाईलवर वेळ लावून बसला होता, बाहेर निघालो तेव्हा हवाच वेगळी होती, जड आणि खारट.

ज्यांच्याकडे उतरलो ते काका रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या बाजूचे, वय सत्तरच्या आसपास, आयुष्यभर मासेमारी केलेले, आता मुलगा बोट बघतो आणि हे छोट्या होडीतून आमच्यासारख्या हौशी लोकांना खाडीत नेतात. पहिल्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, काका उद्या पहाटे किती वाजता निघायचं? तापीवर आम्ही पहाटे साडेचारला जातो. काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि म्हणाले, "पहाटेचं काय करायचंय भाऊ, पाणी कधी चालतंय ते बघूया."

मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो मी वहीत लिहून घेतला. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण डोक्यात ठेवायला पुरेसं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर थोडी मिनिटं, रोज सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी थोडंच हलतं. दुसऱ्या दिवशी वद्य तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, रात्री साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि आपल्या कामाचा वेळ त्याच्या मधला.

मला हे फार आवडलं. आम्ही चतुर्थी बघतो उपास सोडायला, आणि इथे हा माणूस त्याच कालनिर्णयावरून समुद्र वाचतो.

तरीही सवय जात नाही, सकाळी मी आणि भाचा सातलाच काठावर गेलो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, पाणी आरशासारखं, सुरूच्या झाडांखाली गार. पण ओहोटी संपत आलेली, पाणी थांबल्यातच जमा. दोन तास फेकत राहिलो, ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, बदलून बदलून. काही नाही. नऊनंतर पाणी चढायला लागलं तेव्हा भाच्याला एक लागला, ओढ चांगली होती, वर आला तर शेंगटी. आपल्या तापीत पण शिंगाडा असतो, त्याचा काटा आम्ही ओळखतो, पण पोरगं उत्साहात होतं, माशाने अंग झटकलं आणि बाजूच्या पराचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. पाच मिनिटांत हात कोपरापर्यंत ठणकायला लागला, पोराचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी काही न विचारता चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, स्वतःचा हात घालून बघितला आणि मग त्याचा हात बुडवला. सोसवेल तेवढं गरम पाणी, अर्धा-पाऊण तास, थंड झालं की परत गरम. या काट्याचं विष उष्णतेने मंदावतं. ठणका खरंच उतरला. तरी काट्याचा तुकडा आत राहिला असेल म्हणून दवाखान्यात दाखवून आलो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जे कोणी जाणार असाल त्यांनी पक्कड आणि जाड हातमोजा घेतल्याशिवाय शेंगटीला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

दुपारी ऊन असं होतं की होडीच्या फळीवर हात ठेववत नव्हता. चारला निघालो. भाचा हात बांधून का होईना पण आलाच. काजळी नदी इथे समुद्राला मिळते, पुलाखालून आत गेलं की दोन्ही बाजूंना कांदळवन, तिवरांच्या मुळांची जाळी, आणि मधून मधून खाजणातले, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या जमिनीतले, छोटे ओहोळ खाडीत उतरतात. काकांनी एका ओहोळाच्या तोंडापासून पंचवीस-तीस हात लांब नांगर टाकला आणि म्हणाले आता बघत बसा.

मी बघितलं. सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही, मग हळूहळू दिसायला लागलं. ओहोटी जोरात होती, खाजणात चढलेलं सगळं पाणी त्या एका चार हातांच्या तोंडातून बाहेर येत होतं, तपकिरी, फेस घेऊन, आणि खाडीच्या हिरवट पाण्याला जिथे भिडत होतं तिथे एक सरळ रेघ पडली होती, जणू कोणी दोरी धरून आखलीय. पाण्याबरोबर बोयटांची पिल्लं बाहेर येत होती, कोळंबी टुणटुण उडत होती. काका म्हणाले, मोठा मासा त्या रेघेच्या पलीकडे गढूळ पाण्याच्या सावलीत तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, त्याला पोहायची गरज नाही, जेवण चालत त्याच्याकडे येतं. पाणी थांबलं की जेवण थांबलं, मग तो पण निघून जातो. सकाळी दोन तास आम्ही बंद झालेल्या खानावळीच्या दारात उभे होतो एवढंच.

तापीवर चाळीस वर्षं मी माशाची वाट बघितली होती. इथे वाट पाण्याची बघायची असते.

सामान म्हणाल तर सात फुटी रॉड, ३० पाउंडाची ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, त्याच्या पुढे ५० पाउंडाचा लीडर म्हणजे गळाजवळचा जाड दोरा हातभर, आणि चार इंची रबरी मासा. काकांनी आधीच पकडीने गळाची आकडी दाबून सपाट करून घेतली होती. मी म्हटलं असं केलं तर मासा सुटेल, ते म्हणाले दोरा ताणलेला ठेवलास तर सुटत नाही, आणि सोडायचा झाला तर त्याचा जबडा फाटत नाही. पहिल्या तासाभरात भाच्याने डाव्या हाताने एक तांबोशी काढली, दीडेक किलोची, तांब्याच्या भांड्यासारखा रंग. ती लागल्या लागल्या मुळांकडे पळते, तिथे दोरा अडकला की संपलं, म्हणून सुरुवातीचे दहा सेकंद तिला दोरा द्यायचाच नाही. मला एक छोटा गोबरा मिळाला, तो सोडला.

सव्वासहाच्या पुढे सूर्य बुडाला. चंद्र आठनंतर उगवणार होता, म्हणजे मधला वेळ काळोख. पाणी आता खूप उतरलं होतं, चिखल उघडा पडलेला, त्यावर खेकड्यांची खुसफुस ऐकू येत होती. आणि मग त्या तोंडाशी आवाज आला. कसा सांगू, रिकामी घागर उलटी पाण्यावर आपटली तर जसा आवाज येईल तसा, भक्क. काका कुजबुजले, "जिताडा."

रेघेच्या पलीकडे टाकला, प्रवाहाबरोबर येऊ दिला, रीळ फक्त दोरा सैल पडू नये इतकंच फिरवत होतो. तिसऱ्या की चौथ्या वेळेला हातात एक ठोका बसला, कोपरापर्यंत, आणि पुढच्या क्षणी मासा पाण्याबाहेर, पूर्ण बाहेर, अंधारात डोकं झटकत, त्याच्या कल्ल्यांचा खडखड आवाज मला ऐकू आला. भाचा ओरडला, "मामा, लागना! लागना!" एरवी कॉलेजात शुद्ध बोलणारं पोरगं, तोंडातून अहिराणीच निघाली. काका ओरडत होते रॉड खाली कर, तो उडाला की रॉड खाली, दोरा ताणून धर. दोनदा तिवरांकडे गेला, दोनदा वळवला. रिळाच्या ड्रॅगचा, म्हणजे ब्रेकचा, आवाज, हातांना घाम, किती वेळ गेला माहीत नाही, भाचा म्हणतो सात-आठ मिनिटं, मला वाटलं तासभर.

होडीजवळ आला तेव्हा काकांनी बॅटरी मारली आणि त्याचा डोळा पेटला. चुलीतला निखारा फुंकल्यावर जसा होतो तसा लाल-सोनेरी. अंग चांदीचं, पाठ काळपट हिरवी, जबडा खालचा पुढे आलेला. मी कल्ल्याकडे हात नेला तर काकांनी मनगट धरलं, जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, बोटं कापतात. त्यांनी खालचा ओठ धरला आणि मासा पाण्यातच ठेवून टेप लावला. ८७ सेंटिमीटर.

आणि मग म्हणाले, "भाऊ, मासा तुझा आहे, न्यायचा तर ने. पण ही मादी आहे." मी विचारलं कसं कळलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. जिताडा नर म्हणून मोठा होतो, तीन-चार वर्षांचा झाला की प्रजननात भाग घेतो, आणि पुढे वाढत गेला की त्याची मादी होते. ८०-९० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक सगळे मादीच. म्हणजे मोठे मोठे निवडून काढले की आपण आयाच काढतो. अंडी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, पिल्लं मात्र भरतीबरोबर वर गोड्या पाण्याकडे चढतात आणि तिथे वाढतात. दोन्ही पाणी लागतं त्याला, आणि मधली वाट मोकळी लागते.

मला त्या क्षणी तापी आठवली. तापी पण शेवटी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते. पण मधे काकरापार, मग १९७२ला पूर्ण झालेलं उकाई. समुद्राकडून कोणी आमच्यापर्यंत चढून यायचं म्हटलं तरी वाट नाही. आमच्याकडच्या बॅरेजनी आमच्या शेतांना पाणी दिलं, मी धरणांच्या विरोधात बोलत नाहीये, जिभाऊंची केळी त्या पाण्यावरच उभी आहे. पण ते वाईट वाटायचं ते वाटलं.

सोडला. म्हणजे सोडली. काकांनी तिचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं आणि मला म्हणाले शेपटीजवळ हात ठेव. कल्ले उघडत मिटत होते, आधी हळू, मग जोरात. मिनिटभराने माझ्या तळव्यात एक धक्का बसला आणि पाणी तोंडावर उडालं, बस्स. जाण्याआधी मी दोऱ्याचा एक तुकडा तिच्या लांबीइतका कापून घेतला होता, थुथनीपासून शेपटीपर्यंत, दोन्ही टोकांना गाठी मारून.

रात्री तांबोशीचं कालवण झालं, काकूंनी नारळाच्या वाटणात तिरफळं घातली होती. अर्धी आम्ही आमच्याकडच्या काळ्या मसाल्यात केली, तो मी बरोबर नेला होताच. काकूंनी दोन भाकरी त्या रश्श्याबरोबर खाल्ल्या आणि मसाल्याची पुडी ठेवून घेतली.

पुढचे दोन दिवस सांगण्यासारखं थोडंच. एक दिवस काकांच्या मुलाबरोबर बाहेर समुद्रात बांगड्यांना गेलो, एका दोऱ्याला सात-आठ छोटे गळ, प्रत्येकाला चकचकीत चिंधी, एकदम चार-चार बांगडे वर येतात, पण त्यात तो ठोका नाही. पंचमीला परत त्याच ओहोळाशी बसलो, पाणी भांगाकडे झुकलेलं, रेघ अर्धवटच पडली, एक टोळ मासा तेवढा उडून गेला. काका म्हणाले आता अमावास्येकडे या.

परत आल्यावर पहिल्या रविवारी शेतात गेलो. जिभाऊंना तो दोरा दिला. त्यांनी ओसरीवर त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं हाताने ताणून धरलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले.

"एवढी मोठी सोडी दिनी?"

हो म्हटलं जिभाऊ, मादी होती.

"पोटमा अंडा व्हतात का?"

नसतील आता, म्हटलं, पावसाळ्यातच घालून झाली असतील. त्यांनी मान हलवली, दोरा गुंडाळला आणि गळ ठेवायच्या डब्यात ठेवला.