भाव वेगळा, पट्टी वेगळी

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा सांगली ते मिरज जाणं-येणं आहे. जाताना ते बरे असतात. येताना मात्र अंगातलं सगळं त्राण गेलेलं असतं आणि रिक्षात चढायला पाय उचलत नाही. दिवाळीच्या आधी एकदा रिक्षावाले दादा आणि मी, दोघांनी मिळून त्यांना आत बसवलं, तेव्हा ते म्हणाले, "पोतं चढवल्यागत चढवताय मला." त्याच रात्री मी शिलाईची टेप घेऊन त्यांच्या खाटेची उंची मोजली. तेवीस इंच. त्या उंचीवरून ते कुणाचाही हात न धरता उठतात. तेवढ्याच उंचीची सीट असलेली गाडी घ्यायची, हे तेव्हाच ठरलं. गाडीची आवड वगैरे नंतरच्या गोष्टी. ओळखीच्या लोकांच्या दारात उभ्या असलेल्या चार गाड्यांना टेप लावून बघितली आणि वॅगनआरवर येऊन थांबले. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सतरा वर्षं झाली. शेतकऱ्याची हळद येते, सौद्यात, म्हणजे लिलावात, भाव निघतो, वजन होतं आणि मग मी पट्टी करते. हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा होऊन हातात काय पडणार, तो आकडा पट्टीवर असतो. भाव ऐकून खूश झालेला माणूस पट्टी बघून गप्प झालेला मी कितीदा तरी पाहिला आहे. त्यामुळे गाडी घ्यायला जाताना एक गोष्ट मनाशी पक्की होती: काचेवर लिहिलेल्या भावावर बोलायचं नाही, पट्टीवर बोलायचं.

पहिल्या डीलरकडे भावापर्यंत गोष्ट गेलीच नाही. २०१८ ची गाडी होती, बाहेरून आरशासारखी चकचकीत. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीमामांनी निघताना एक सांगितलं होतं, "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ." मी चालकाच्या बाजूचा पट्टा ओढत गेले. रोज वापरात येतो तेवढा भाग स्वच्छ होता. शेवटचा वीतभर पट्टा आला आणि त्याच्यावर आडवी मातकट रेघ दिसली. विणीत रुतून बसलेली. नखानं खरवडली तर पिठासारखी माती सुटली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. तो गाळ मी कपाटांच्या खाचांमधून, शिलाई मशीनच्या पायामधून, देवघरातल्या घंटेच्या आतून महिनोन्महिने काढला आहे. तो मला ओळखू येणार नाही असं होणारच नाही. मी सीटखाली हात घातला, रुळांना गंज होता. तिथला माणूस म्हणाला, "वॉशिंगचं पाणी राहिलं असेल, मॅडम. तुम्हाला चाळीस हजार कमी करून देतो." मी काही न बोलता बाहेर आले. पुरात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये काय कधी बंद पडेल याचा नेम नसतो, आणि मला त्या गाडीतून आजारी माणूस न्यायचा होता. अशा गाडीचा भाव करायचाच नसतो, चाळीस हजारांनी काय किंवा एक लाखानं काय.

दुसरं दुकान सांगली-मिरज रस्त्यावरचं. वॅगनआर, व्हीएक्सआय, एक लिटर पेट्रोल, एमएच १०, नोव्हेंबर २०२० ची नोंदणी, एकच मालक, ४६ हजार किलोमीटर. काचेवर ४,३५,००० लिहिलेलं. दुकान बापलेकांचं. मुलगा विक्री बघतो, वडील आतल्या टेबलाशी. मुलगा लगेच म्हणाला, "ताई, गाडी आवडली का सांगा, भावाचं आपण बसून बघू की." मी म्हटलं, "आज फक्त बघणार आहे. भावाचं नंतर बोलू."

त्या दिवशी मिस्त्रीमामा बरोबर होते. गाडी ठोकलेली आहे का हे कळावं म्हणून त्यांनी दरवाज्याचं रबर ओढून आतले वेल्डचे ठिपके बघितले, बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का ते बघितलं, सगळ्या काचांवरचे कोड जुळतात का ते बघितलं. मी टायरजवळ उकिडवी बसले. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. इथे होते ३८२०. म्हणजे २०२० सालचा अडतिसावा आठवडा. चारही टायरवर तेच, स्टेपनीवरही तेच. टायरची नक्षी अजून बरी दिसत होती, पण रबर पाच वर्षांचं होतं आणि खाचांमध्ये बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. मी मोबाईलवर फोटो काढले. डावा पुढचा दरवाजा आणि मडगार्ड पुन्हा रंगवलेलं आहे हे मामांनी बोट फिरवून सांगितलं. मी मुलाकडे सर्व्हिस रेकॉर्डची प्रिंट मागितली. त्यात २०२३ चा विम्याचा क्लेम दिसला, दरवाजा आणि मडगार्ड, बाकी काही नाही. धक्का साधा होता, सांगाड्याला लागलेला नव्हता. किल्ली एकच होती. आरसीवर बँकेचा बोजा अजून होता. सीटबेल्ट अर्थातच शेवटपर्यंत ओढून बघितला. स्वच्छ.

घरी येऊन मी वहीत पट्टी मांडली. याच वर्षाच्या, याच मॉडेलच्या तीन गाड्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात विक्रीला होत्या. सांगितलेले भाव ३ लाख ९५ हजार ते ४ लाख २५ हजार. मी मधला ४,१०,००० धरला. त्यातून चार टायर अलाइनमेंटसकट १५,६००, हा टायरवाल्याकडून आणलेला भाव. नवा विमा ९,५००, हेही कोटेशन हातात. दुसरी किल्ली ४,२००, वर्कशॉपला फोन करून विचारलेलं. वजा जाता उरले ३,८०,७००. आणि वहीच्या शेवटच्या पानावर, कुणाला न दाखवता, एक आकडा लिहिला: ३,९५,०००. याच्या वर जायचं नाही. गेलं तर उठून यायचं.

तिसऱ्या दिवशी एकटी गेले. मुलानं कागदावर मांडून दाखवलं: गाडी ४,२०,०००, "तुमच्यासाठी पंधरा कमी केले", आणि त्याखाली ट्रान्सफर व फाईल १२,०००, जीएसटी वेगळा. ही त्यांची पट्टी. मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. नाव बदलायची सरकारी फी काही शेकड्यांत आहे. एजंटचे तीन-चार हजार मी समजू शकते, बारा हजार नाही. जीएसटीचं तर मी सरळ सांगितलं की जुन्या गाडीवर तो डीलरच्या नफ्यावर लागतो, अख्ख्या किमतीवर नाही, आणि तुमचा नफा भावात धरलेलाच आहे. तो म्हणाला, "बरं, जीएसटी काढला." मग विम्याकडे वळला. विमा दहा दिवसांत संपत होता, पण नव्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, पन्नास टक्के मिळेल म्हणाला. मी त्याच्याच प्रिंटवरचा २०२३ चा क्लेम दाखवला. क्लेम झाला की बोनस शून्यावर येतो. आणि तसंही बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो जुन्या मालकाबरोबर गेला.

इथे एक सांगायचं आहे. गाडीला नावं ठेवून भाव उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे. "इंजिन आवाज करतंय", "रंग गेलाय", "ही गाडी कोण घेतंय" असं बोलणारे लोक मी त्या दोन दिवसांत शेजारच्या गाड्यांपाशी बघितले. समोरचा माणूस त्यानं दुखावतो आणि अडून बसतो. यार्डात हळदीचा खरेदीदार मालाला वाईट म्हणत नाही. ढिगातलं एक हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग सगळ्यांसमोर धरतो. गाभा फिकट असेल तर तो शेतकऱ्यालाही दिसतो, मग बोलायचं काही राहत नाही. मीही तेच केलं. टायरचा फोटो ठेवला, विम्याचं कोटेशन ठेवलं. "गाडी चांगली आहे. मला हीच घ्यायची आहे. पण हे सगळं मला पदरचं घालावं लागणार आहे," एवढंच म्हटलं. मग आकडा सांगितला: "तीन लाख ऐंशी. ट्रान्सफर, बोजा उतरवणं सगळं धरून."

मुलगा हसला नाही, रागावलाही नाही. "वडिलांना विचारतो" म्हणून आत गेला आणि वडीलच बाहेर आले. साठीच्या पुढचे, कपाळाला अबीर, बोलणं शांत. ते म्हणाले, "पोरी, ही गाडी मी ऑगस्टात घेतली. सप्टेंबरात नव्या गाड्यांचा जीएसटी उतरला. माझ्या अंगावर पडलीय ती."

ते खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि नव्या वॅगनआरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव धरून ठेवता येत नाही. हा मुद्दा मी वहीत लिहून आणला होता, पण त्यांनीच काढला तेव्हा मला वाईट वाटलं. आमच्या शेठनी चढ्या भावात घेतलेली हळद मंदीत विकताना मी त्यांचा चेहरा बघितला आहे. मी त्यांना तसं सांगितलं. "काका, तुमचं नुकसान मला कळतंय. पण ते माझ्या पट्टीत घालू नका. आण्णांच्या औषधातून काढून गाडी घेतेय मी."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. ही गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली. समोर वयानं मोठा माणूस गप्प बसला की आपल्याला वाटतं काहीतरी बोलावं, थोडं वर सरकावं. मी टेबलाच्या काचेखालचं गणपतीचं कॅलेंडर वाचत बसले. मग ते म्हणाले, "चार लाख पाच." मी मान हलवली. मध्येच मुलानं कर्जाचं काढलं. त्यांच्या ओळखीच्या फायनान्सकडून घेतलं तर आणखी पाच हजार कमी, आणि "महिन्याला किती बसतंय ते बघा ना ताई, हप्ता सात हजारच येतो." हप्त्यात बोलायला लागलं की किंमत नजरेआड होते. तीन लाखांवर पाच वर्षांसाठी त्यांचा दर १५ टक्के, माझ्या बँकेनं १३ टक्क्यांनी आधीच मंजूर केलेलं. हप्ता ७,१३७ आणि ६,८२६. महिन्याला ३११ रुपयांचा फरक, साठ महिन्यांत साडेअठरा हजारांच्या वर. पाच हजार सोडून साडेअठरा घ्यायचे. मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे वळवला, त्यानं बघितलं आणि विषय सोडला.

शेवटी ३,९४,००० ला ठरलं. ट्रान्सफर त्यांचं, बोजा उतरवणं त्यांचं, दुसरी किल्ली बनवून देणं त्यांचं. टायर आणि विमा माझा. वहीतल्या शेवटच्या पानापेक्षा हजार रुपये कमी. पहिल्या कागदावरचे चार लाख बत्तीस धरले तर अडतीस हजारांचा फरक, आणि शिवाय किल्ली.

पैसे देण्याआधी मी आणखी दोन गोष्टी मागितल्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते काकांनी भिंतीवरून उतरवून दाखवलं. दुसरं म्हणजे वीस हजार मागे ठेवायचे, आरसी माझ्या नावावर झाल्यावर द्यायचे. मुलाला ते आवडलं नाही. "विश्वास नाही का ताई?" मी म्हटलं, "विश्वास आहे म्हणूनच तर बाकीचे आज देतेय." काकांनी स्वतःच्या हातानं सौद्याच्या कागदावर ते लिहिलं. नाव बदलायचे, जुन्या मालकाच्या सहीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म, सगळ्यांच्या झेरॉक्स घेऊनच उठले.

टायर त्याच आठवड्यात बदलले. गुरुवारी मिरजेहून परत येताना आण्णांनी दरवाजा स्वतः उघडला, आधी बसले, मग दोन्ही पाय आत घेतले. मी आरशातून बघत होते. घरी पोचेपर्यंत ते झोपले होते.

ट्रान्सफरला महिना लागला. मोबाईलवर मेसेज आला, ॲपवर आरसीवर माझं नाव दिसलं, त्या दिवशी संध्याकाळी यार्डातून परस्पर दुकानात गेले आणि वीस हजार टेबलावर ठेवले. काकांनी नोटा मोजल्या आणि सौद्याच्या कागदावर लिहिलं, "पूर्ण रक्कम मिळाली, काही येणे नाही." खाली सही केली, तारीख घातली. ड्रॉवरमधून दुसरी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "वडील कसे आहेत?"