ऑटोलॉग-वनच्या पोटातले पासवर्ड

मे महिन्यातली शनिवारची रात्र. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कबाहेर अकरा वाजताही झळा येत होत्या. पहाटे चारला मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक आभासी मशिनी चालवणाऱ्या झेड/व्हीएम सिस्टिमचं आयपीएल, म्हणजे रीस्टार्ट होतं, म्हणून मी आणि टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी ऑफिसात बसलो होतो.

"सर, या फाइलमध्ये पासवर्ड असे उघडे काहून ठेवलेत?"

तिच्या स्क्रीनवर ऑटोलॉग-वन या आभासी मशीनची प्रोफाइल एक्झेक, म्हणजे सुरू होताना चालणारी कमांडची फाइल होती. सिस्टिम सुरू झाली की ही मशीन आपोआप लॉगऑन होते आणि बाकीच्यांना एकेक करून उठवते. आमच्या फाइलमध्ये जुनी ऑटोलॉग कमांड होती: मशीनचं नाव, पुढे तिचा पासवर्ड. अशा ११ ओळी. शेवटची, बॅकअपच्या मशीनची, कोणीतरी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून ठेवलेली. पण पासवर्ड अजून तोच. आणि बॅकअपला तर सगळ्या डिस्क वाचता येतात!

"तुझा आयडी साधा क्लास जी, सामान्य युजरचा. फाइल उघडलीस कशी?"

"डिस्क लिंक केली. काही विचारलंच नाही."

डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या मशिनींची नोंदवही पाहिली. ती फाइल जिथं होती, त्या ऑटोलॉग-वनच्या १९१ डिस्कचा रीड पासवर्ड होता 'ऑल'. म्हणजे ज्याला यायचं त्यानं यावं, वाचून जावं. मला घाम फुटला तो उकाड्याचा नव्हता. त्यातल्या तीन ओळी माझ्याच हातच्या होत्या. वरची ओळ कॉपी करायची, नाव बदलायचं, झालं.

मॅनेजरला झोपेतून उठवून परवानगी घेतली. ऑटोलॉगच्या जागी एक्सऑटोलॉग ही दुसरी कमांड लिहिली. जास्त अधिकारांचा क्लास ए किंवा बी असणाऱ्याला त्यात पासवर्ड लागत नाही, आणि ऑटोलॉग-वनकडे बी होताच. इतकी वर्षं गरज नसताना लिहीत होतो, बाप्पा! डिरेक्टरीत अकराही मशिनींच्या पासवर्डच्या जागी ऑटोओन्ली टाकलं, म्हणजे त्यांना फक्त ऑटोलॉग करता येईल, हातानं लॉगऑन कोणालाच नाही. 'ऑल' काढला, बदल लागू करायला डायरेक्टएक्सए चालवलं.

चारला दहाही मशिनी गुमान उठल्या. पाचला बॅकअप उठेना.

ती उठवायचा शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी मशीन. तोही क्लास जी, आणि त्याच्या एक्झेकमध्येही तोच जुना पासवर्ड. तिथं आम्ही पाहिलंच नव्हतं. पटकन पासवर्ड परत टाकावा, हा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. तोवर तिनं मॅन्युअलचं पान समोर धरलं: बॅकअपच्या डिरेक्टरी एंट्रीत एक्सऑटोलॉग स्टेटमेंट लिहून शेड्युलरचं नाव द्यायचं, की त्याला पासवर्डशिवाय ती उठवता येते. एक ओळ. मग शेड्युलरच्या एक्झेकमधली कमांड बदलली. पाच चाळीसला बॅकअप सुरू झाला.

सकाळी तर्री पोह्यांच्या गाडीवर तिनं विचारलं, "सर, ती फाइल किती वर्षं तशी होती?"

मी गाडीवाल्या भाऊंकडे आणखी तर्री मागितली.